लेबलातला आकडा

‘१५-२४ वर्षे’, ‘आठवडा १२’, ‘रु. १,२५,०००’, ‘<०.०५’, ‘८०+’. माणसाला या पाचही ठिकाणी आकडा दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ही नुसती अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. तिची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही, आलेखाच्या अक्षावर ती जागेवर बसत नाही. अशा माळेतून हिशेबाला लागेल असा आकडा बाहेर काढणे हे सांख्यिकी प्रोग्रॅमिंगमधले अगदी किरकोळ वाटणारे काम आहे आणि किरकोळ वाटते म्हणूनच ते फारसे तपासले जात नाही. अंक वेचायला एक ओळ पुरते. खरा प्रश्न असतो तो लेबल लिहिणाऱ्याने आकड्याचे काय करून ते लिहिले याचा. त्याने आकडा गोल केला, दोन आकडे एकमेकांना चिकटवले, की मोजमाप नसलेल्या गोष्टीला अंकांचे नाव दिले, हे कळल्याशिवाय निघालेल्या आकड्यावर विसंबता येत नाही.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे भाषेलाच ‘याचा आकडा कर’ असे सांगणे. इथे प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा. ‘१२ किलो’ ही स्ट्रिंग आर भाषेच्या ॲज-न्यूमेरिक या फंक्शनला दिली की उत्तराच्या जागी ‘एनए’ येते, म्हणजे माहिती नाही, आणि सोबत एक इशारा छापला जातो. पायथनचे फ्लोट तिथेच थांबते आणि चूक दाखवते. पर्ल आणि जावास्क्रिप्टचे पार्स-इंट सुरुवातीचे १२ उचलतात आणि पुढचे ‘किलो’ सोडून देतात. पार्स-इंट तर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हा समंजसपणा सोयीचा वाटतो, पण ‘१२-१५’ या लेबलाचेही तो निमूटपणे १२ करतो. आकडेवारीच्या कामात पायथनचा हटवादीपणा परवडतो. आरची मधली वाट बरी, फक्त तो इशारा दहा हजार ओळींसाठी एकदाच येतो आणि नेमक्या कोणत्या ओळी गेल्या ते सांगत नाही.

आरमध्ये याहून जुना एक खड्डा आहे, फॅक्टरचा. गटवाचक रकाना आर फॅक्टर म्हणून साठवते. लेबलांची यादी एकदाच ठेवायची आणि प्रत्येक ओळीत फक्त त्या यादीतला अनुक्रमांक. समजा रकान्यात मजकूर म्हणून ‘५’, ‘१०’ आणि ‘२०’ आहेत. यादी वर्णानुक्रमे लागते, त्यामुळे ‘१०’ पहिला, ‘२०’ दुसरा आणि ‘५’ तिसरा. या फॅक्टरला थेट आकडा करायला सांगितले तर १०, २०, ५ ऐवजी १, २, ३ हातात पडतात. इशारा नाही, चूक नाही. सरासरी ११.६७ च्या जागी २ येते आणि ती पटण्याजोगीही दिसते. त्यावरचा उपाय, म्हणजे आधी फॅक्टरची अक्षरे करा आणि मग अक्षरांचा आकडा, आरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत कित्येक वर्षे दिलेला आहे. पूर्वी फाइल वाचताना आर मजकुराचा प्रत्येक रकाना आपणहून फॅक्टर करत असे; २०२० साली आलेल्या ४.०.० आवृत्तीपासून ती सवय सुटली आणि या चुकीचा मोठा उगम बंद झाला. स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हाच घोटाळा एनकोड आणि डीस्ट्रिंग या दोन आज्ञांच्या गल्लतीतून होतो. एनकोड लेबलांना वर्णानुक्रमे १, २, ३ देते, तर डीस्ट्रिंग मजकुरातला आकडा वाचते. नावे शेजारची, कामे पार वेगळी.

थेट रूपांतर जमत नाही तेव्हा अंकांशिवाय बाकी सगळे पुसून टाकण्याचा मोह होतो. आरमध्ये जीसब, सॅसमध्ये कॉम्प्रेस, स्टेटात डीस्ट्रिंगला ‘ही चिन्हे वगळ’ म्हणून दिलेला पर्याय, सगळ्यांचा परिणाम सारखाच. ‘आठवडा १२’ साठी हे उत्तम चालते. पण ‘१२.५ किलो’ मधला बिंदूही पुसला गेला की १२५ उरतात, ‘मजला २, खोली ३’ चे २३ होतात आणि ‘१५-२४’ चे १५२४. बिंदू राखायचा ठरवला तरी हवेच्या प्रदूषणाचे ‘पीएम२.५: ४८’ हे लेबल २.५४८ होऊन बसते. आरच्या रीडर पॅकेजमधले पार्स-नंबर अधिक शहाणे आहे. पहिला आकडा सापडेपर्यंत ते पुढचे सगळे ओलांडते, आकडा संपला की थांबते आणि मधले हजाराचे स्वल्पविराम सांभाळून घेते. पण ‘पीएम२.५: ४८’ मधून ते २.५ काढते, म्हणजे कणांचा आकार मिळतो आणि प्रदूषणाची पातळी मागे राहते. पहिला आकडा हाच हवा असलेला आकडा, हे गृहीतक त्या फंक्शनच्या पोटात दडलेले आहे.

म्हणून पॅटर्न. रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५० च्या दशकात मांडली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकुरात ती शोधण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे युनिक्सच्या ग्रेपमधून ती घरोघरी गेली. ‘[०-९]+’ म्हणजे सलग एक किंवा अधिक अंक. कंसात बसवलेला भाग वेगळा काढून घेता येतो, आणि आजूबाजूचा मजकूर पॅटर्नमध्येच लिहून ‘अपूर्णविरामानंतरचा आकडा’ असे नेमके सांगता येते. या पद्धतीत नवख्याची एक चूक हमखास होते. ‘आठवडा १२’ मधून १२ काढायचे म्हणून पॅटर्न लिहिला जातो ‘.*([०-९]+)’, अर्थ असा की आधी काहीही असो आणि मग अंक. उत्तर येते २. ‘.*’ हे हावरट असते, शक्य तितके गिळते. ते ‘आठवडा १’ गिळून टाकते, कारण मागे एक अंक उरला तरी कंसाची अट पुरी होते. आठवडा १ ते ९ पर्यंत सगळे बरोबर चालते आणि दहाव्या आठवड्याला ० येतो, त्यामुळे पहिल्या काही ओळी पाहून समाधान मानणाऱ्याला ही चूक सापडत नाही. ‘.*’ च्या जागी ‘[^०-९]*’, म्हणजे ‘अंक सोडून काहीही’, लिहिले की प्रश्न मिटतो.

वर्गांतरांची लेबले हा या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग, कारण तिथे आकड्याचे लेबल प्रोग्रॅमच करतो आणि तोच आकडा नंतर लेबलातून परत मागितला जातो. आरचे कट हे फंक्शन सलग आकड्यांचे गट पाडते आणि ‘(१०,२०]’ अशी लेबले देते, गोल कंस म्हणजे १० धरायचे नाहीत, चौकोनी कंस म्हणजे २० धरायचे. आलेखासाठी वर्गमध्य हवा झाला की लोक या लेबलातून दोन्ही मर्यादा काढतात. कटच्या मदत-पानावरही त्यासाठीचा पॅटर्न उदाहरण म्हणून दिलेला आहे. पण लेबल छापताना कट एरवी तीनच सार्थ अंक ठेवते. लेबले एकमेकांपासून वेगळी दिसेनाशी झाली तरच अंक वाढवते. सीमा १२,३४५ असेल तर लेबलात ‘१.२३ई+०४’ छापले जाते आणि त्यातून कितीही निगुतीने आकडा काढला तरी १२,३०० च मिळतात. उरलेले ४५ लेबलात नाहीतच. सीमा दहा हजार आणि वीस हजार असतील तर लेबल ‘(१ई+०४,२ई+०४]’ असे येते, आणि ‘सलग अंक काढ’ हा भाबडा पॅटर्न त्यातून १, ०४, २, ०४ असे चार आकडे घेऊन परततो.

आणखी एक गंमत. कटला सीमा न देता नुसते ‘पाच गट कर’ म्हटले, तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत बाहेर राहू नये म्हणून ते दोन्ही टोके विस्ताराच्या एक हजारांशाने बाहेर सरकवते. ० ते १०० वयांचे पाच गट केले की पहिले लेबल येते ‘(-०.१,२०]’. लेबलावर विसंबणाऱ्याच्या तक्त्यात मग जन्माआधीचे वय दाखल होते. शेवटच्या गटाची खरी सीमा १००.१ असते, पण तीन अंकांच्या शिस्तीमुळे लेबलावर १०० च दिसतात. एकाच तक्त्यात एक टोक सरकलेले दिसते आणि दुसरे दिसत नाही.

इथे लेबल वाचण्याची गरजच नसते. सीमांची यादी प्रोग्रॅममध्ये आधीच असते, आणि फॅक्टरच्या पोटातला जो अनुक्रमांक मघाशी खड्डा ठरला होता तोच आता कामी येतो. तिसऱ्या गटातल्या ओळीची खालची मर्यादा म्हणजे यादीतली तिसरी सीमा, वरची मर्यादा म्हणजे चौथी. पायथनमधल्या पांडाजने ही अडचण मुळातच कमी केली आहे. तिथले कट मजकुराऐवजी मध्यांतर नावाची वस्तू देते आणि तिला डावी बाजू, उजवी बाजू, मध्य असे थेट विचारता येते. मात्र त्या बाजूही एरवी तीन दशांशांपर्यंत गोल केलेल्या असतात; नेमक्या सीमा हव्या असतील तर त्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात.

दुसऱ्याने केलेल्या तक्त्यात ही सोय नसते. जनगणनेचे वयोगट घ्या: ‘०-४’, ‘५-९’, ‘१०-१४’ असे करत शेवटी ‘८०+’ आणि त्याखाली ‘वय न सांगितलेले’. ऋण आकडेही पकडावेत म्हणून पॅटर्नमध्ये वजाचे चिन्ह घेतले असेल तर ‘५-९’ मधून ५ आणि उणे ९ निघतात. मधली रेघ कधी साधे हायफन असते, कधी टंकलेखनाच्या प्रणालीने आपणहून लांबवलेली रेघ, कधी गणितातले खास वजाचिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखी, संगणकाला तीन निराळी अक्षरे. त्यामुळे अर्धी लेबले पॅटर्नात बसतात आणि अर्धी निसटतात. दोन्ही आकडे नीट निघाले तरी अर्थाचा प्रश्न राहतोच. शाळेच्या पुस्तकातली समावेशक आणि असमावेशक पद्धत इथे आठवावी. वय पुऱ्या वर्षांत मोजतात, म्हणून ‘५-९’ म्हणजे पाचव्या वाढदिवसापासून दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत. वर्गमध्य ७.५ आहे, ५ आणि ९ ची सरासरी ७ घेतली की सगळी लोकसंख्या अर्ध्या वर्षाने तरुण होते. ‘८०+’ ला वरची मर्यादा नाहीच. तिथे ८० लिहिणे किंवा मागच्या गटाची रुंदी उसनी घेऊन ८२.५ लिहिणे हे विश्लेषकाचे गृहीतक असते, लेबलातून काढलेला आकडा नव्हे.

वयोगट आणि रकान्याचे नाव एकत्र आले की काय होते याचा नमुना जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षयरोगाच्या आकडेवारीत आहे. आरच्या टायडीआर पॅकेजमध्ये ती सरावासाठी दिलेली आहे. तिथे रकान्यांची नावे ‘न्यू_एसपी_एम०१४’, ‘न्यू_एसपी_एम१५२४’, ‘न्यू_एसपी_एफ६५’ अशी आहेत. पहिला तुकडा नवे रुग्ण, दुसरा निदानाची पद्धत, मग पुरुष किंवा स्त्री, आणि शेवटी वयोगट. ०१४ म्हणजे ० ते १४, १५२४ म्हणजे १५ ते २४, आणि नुसते ६५ म्हणजे ६५ व त्यापुढे. यांचा बिनधास्त आकडा केला आणि चढत्या क्रमाने लावला तर १४, ६५, १५२४, २५३४ असा क्रम लागतो. म्हातारी माणसे मुलांच्या शेजारी येऊन बसतात आणि वयानुसार रोग दाखवणारी रेषा दुसऱ्याच बिंदूला उसळी मारते. एका गटातल्या नावांत तर ‘न्यूरेल’ असे सलग लिहिले आहे, मधली खालची रेघ गळाली आहे, त्यामुळे रेघेवरून तुकडे पाडणारा प्रोग्रॅम तिथे अडखळतो. पॅटर्नमध्ये ‘रेघ असेल किंवा नसेल’ असे सांगावे लागते. वयोगट सातच आहेत, म्हणून पॅटर्नशी झुंजण्यापेक्षा सात ओळींचा छोटा कोश हाताने लिहिणे जास्त भरवशाचे.

रकान्यांच्या नावात काळ लपलेला असणे ही तर नेहमीची बाब. त्याच पॅकेजमध्ये २००० सालच्या अमेरिकी गाण्यांच्या क्रमवारीचा तक्ता आहे: ३१७ गाणी आणि आठवडा १ ते ७६ असे ७६ रकाने. टायडीआरच्या पिव्हट-लाँगर या फंक्शनला ठरलेला उपसर्ग काढ आणि उरलेल्याचा पूर्णांक कर असे एकाच आज्ञेत सांगता येते. स्टेटाच्या रीशेपमध्ये नावाच्या शेपटीतला आकडा वेगळा करण्याची सोय आहेच. हा आकडा काढला नाही तर आठवडा १० हा आठवडा २ च्या आधी लागतो, आणि आलेख काढेपर्यंत ते लक्षात येत नाही.

मराठी मजकुरातल्या आकड्यांच्या अडचणी काही वेगळ्याच. वर पॅटर्न देवनागरी अंकांत छापले असले तरी संगणकाच्या दृष्टीने 0 ते 9 आणि ० ते ९ ही वीस वेगळी अक्षरे आहेत. पायथन ‘१२३’ चा पूर्णांक विनातक्रार करते. आरचे ॲज-न्यूमेरिक त्याला एनए ठरवते. एका भाषेत चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नेल्यावर मराठी तक्ता रिकामा होतो तो यामुळे. उपाय साधा आहे: सुरुवातीलाच दहाच्या दहा अंकांची अदलाबदल करून घ्यावी. आरमध्ये चार-टीआर हे एका ओळीत करते.

स्वल्पविराम ‘१,२५,०००’ मध्ये लाखाच्या जागी असो वा हजाराच्या, तो पुसला की काम भागते. पण जर्मन तक्त्यातले ‘१.२५०’ म्हणजे बाराशे पन्नास असतात, सव्वा नव्हे, आणि हे लेबलाकडे पाहून कळत नाही. तक्ता कुठून आला ते ठाऊक असावे लागते. ‘१२.५ लाख’ मध्ये आकड्याइतकेच मागचे एकक महत्त्वाचे. आणि पाहणीत लोक ‘अडीच’, ‘पाऊण’, ‘साडेतीन’ असे सांगतात तेव्हा मजकुरात अंकच नसतो. यासाठी कोश करावा लागतो, पण त्यातही क्रम आहे: आधी अपूर्णांक, मग एकक. पावणेतीनशे म्हणजे २.७५ गुणिले १००, म्हणजे २७५. तीनशेतून पाव वजा करणारा प्रोग्रॅम २९९.७५ देईल.

सातबाऱ्यावरचे क्षेत्र हे तर खास नमुनेदार लेबल. ‘०.४२.५०’ म्हणजे शून्य हेक्टर, ४२ आर, ५० चौरस मीटर. दोन बिंदू असलेला आकडा कुठलीच भाषा पुरता स्वीकारत नाही, म्हणून कोणीतरी दुसरा बिंदू काढून टाकतो आणि ०.४२५० मिळते. नशिबाने ते बरोबर असते, कारण एक हेक्टर म्हणजे शंभर आर आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. पण कोणी ‘१.५.०’ असे लिहिले असेल तर हीच युक्ती दीड हेक्टर दाखवते. खरे क्षेत्र १.०५ हेक्टर. तीन तुकडे वेगळे करून दुसरा शंभराने आणि तिसरा दहा हजाराने भागायचा, हा मार्ग दोन्ही ठिकाणी टिकतो. खुद्द ‘७/१२’ हा भागाकार नाही आणि तारीखही नाही. ती गाव नमुन्यांची नावे आहेत.

अशी निव्वळ नावे ओळखून बाजूला काढणे हाही या कामाचाच भाग. जनगणनेत महाराष्ट्राचा राज्य-संकेतांक २७ आणि गोव्याचा ३०. त्यांचे काही बिघडत नाही. पण जम्मू-काश्मीरचा ‘०१’ आकडा होताच १ होतो आणि दोन तक्ते जोडताना जोडी जुळत नाही. भारतातला दहा अंकी मोबाइल क्रमांक आरच्या पूर्णांकात मावत नाही, कारण तिथली कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. ज्याची सरासरी काढण्यात अर्थ नाही ते अक्षरांतच राहू द्यावे.

प्रयोगशाळेतल्या ‘<०.०५’ चा प्रश्न आणखी नाजूक. ‘पेक्षा कमी’चे चिन्ह पुसून ०.०५ घेतले तर सगळी कमी मापे वरच्या काठावर जाऊन बसतात आणि सरासरी फुगते. शून्य घेतले तर उलट होते. इथे एका लेबलातून दोन रकाने काढायला हवेत, एकात मर्यादा आणि दुसऱ्यात ‘याहून कमी’ ही खूण. अशा अर्धवट कळलेल्या मापांसाठी सांख्यिकीत स्वतंत्र पद्धती आहेत, पण खूण जपलेली असेल तरच त्या वापरता येतात.

कधी कधी लेबल प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेले असते. एक्सेलमध्ये ‘५-९’ हा वयोगट टंकला की भारतीय मांडणीत ५ सप्टेंबर होतो. जनुकशास्त्रात याचा मोठा फटका बसला. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशा नावांच्या जनुकांच्या तारखा झाल्या, आणि ‘२३१०००९ई१३’ सारख्या ओळखक्रमांकातल्या ‘ई’ मुळे तो घातांकी आकडा ठरला. हा दोष २००४ साली संशोधनपत्रिकेत नोंदला गेला; २०१६ च्या एका तपासणीत एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नावांची समितीच नमली आणि ‘सेप्ट’चे ‘सेप्टिन’, ‘मार्च’चे ‘मार्चएफ’ झाले. सॉफ्टवेअरसाठी विज्ञानाने नावे बदलली, हे चमत्कारिक खरे, पण व्यवहारी. अशा फाइलीत तारखेमागचा मूळ मजकूर सहसा उरलेला नसतो, म्हणून रकाना आधीच मजकूर म्हणून जाहीर करूनच फाइल उघडावी लागते.

काढलेला आकडा तपासायचा कसा? सर्वांत उपयोगी सवय म्हणजे ओळींऐवजी वेगवेगळ्या लेबलांची यादी काढणे. लाख ओळींच्या तक्त्यात वयोगटाची वेगळी लेबले वीस-पंचवीसच निघतात आणि ती डोळ्याखालून घालता येतात. रूपांतराआधी किती चौकोन रिकामे होते आणि नंतर किती, हे मोजावे. फरक पडला असेल तर नेमकी कोणती लेबले एनए झाली ती छापून पाहावीत. तिसरी तपासणी उलट्या वाटेची: निघालेल्या आकड्यांपासून लेबल पुन्हा तयार करायचे आणि मूळ लेबलाशी जुळते का ते पाहायचे. १५ आणि २४ पासून ‘१५-२४’ परत बनते. १५२४ पासून बनत नाही. आरचा तीन अंकांचा दोष या तपासणीतूनही निसटतो, कारण तिथे लेबलच मुळात खोटे गोल आहे.

एसपीएसएस आणि स्टेटाने फार पूर्वीपासून किंमत आणि लेबल वेगळे ठेवण्याची रीत पाळली आहे. रकान्यात आकडा राहतो आणि लेबल त्याला बाहेरून चिकटते. आरमध्ये हेवन पॅकेज अशा फाइली वाचताना दोन्ही जपते. बाकी ठिकाणी हाच बेत हाताने करावा लागतो: मूळ लेबलाचा रकाना तसाच ठेवून त्याशेजारी खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि खूण असे तीन नवे रकाने. वय पुऱ्या वर्षांत मोजलेले असल्याने ‘१५-२४’ समोर त्यात १५ आणि २५ येतात, आणि ‘८०+’ समोरचा वरच्या मर्यादेचा चौकोन रिकामा राहतो.